‘१९११’ची नळी आणि फिटरची कानस : अचूकतेचा एक छोटा इतिहास

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



विषय जाहीर झाल्यापासून मला दोघातिघांनी विचारलं, ‘सर, तत्त्वज्ञान सोडून पिस्तुलाकडे कधी वळलात?’ तर आधीच कबूल करतो. मी आयुष्यात पिस्तूल चालवलेलं नाही आणि या वयात सुरुवात करायचा विचारही नाही. मला रस आहे तो एका प्रश्नात. दोन वस्तू एकमेकींत ‘नीट बसल्या’ असं आपण म्हणतो, तेव्हा नेमकं काय म्हणतो? हा प्रश्न फार स्वच्छ दिसतो अशी जागा शोधत गेलो, आणि ती सापडली एका पिस्तुलाच्या नळीच्या टोकाशी.

पण सुरुवात दारापासून करू या. लहानपणी आमच्या घराला नवं दार बसवलं. दिवस चैत्राचे. दार लावलं तरी चौकटीत बोटभर नाही, पण चांगली दिसेल एवढी फट राहिली. मी सुतारकाकांना म्हटलं, ‘काका, सैल झालं की!’ ते नुसते हसले. आषाढात लाकूड फुगलं आणि फट बुजली. शेजारच्या घरी हौसेनं घट्ट बसवलेलं दार होतं, ते पावसाळाभर खांद्यानं ढकलून उघडावं लागायचं. म्हणजे सैलपणा ही प्रत्येक वेळी चूक नसते, कधी कधी ती दूरदृष्टी असते. आणि दुसरी गोष्ट. आमचं दार शेजारच्या चौकटीत बसलं नसतं. ते फक्त आमच्याच चौकटीसाठी रंधून काढलेलं होतं.

या दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, फट का ठेवतात. दोन, एकाला बसलेलं दुसऱ्याला का बसत नाही. आजचं सगळं व्याख्यान एवढ्यावरच आहे.

कोणताही भाग, कोणत्याही बंदुकीत

अठराव्या शतकापर्यंत जगातली प्रत्येक बंदूक आमच्या दारासारखी होती. चाप, घोडा, कमान, स्क्रू, प्रत्येक भाग कारागीर कानशीनं घासून दुसऱ्या भागाशी जुळवायचा. दहा बंदुका उघडून त्यांचे भाग एकत्र मिसळले, तर पुन्हा दहा बंदुका उभ्या राहतील याची खात्री नाही. रणांगणावर एक कमान तुटली की ती बंदूक कारागिराकडे जाईपर्यंत निकामी.

फ्रान्समध्ये ओनोरे ब्लां नावाच्या शस्त्रकारानं यावर उपाय काढला. प्रत्येक भाग एका ठरावीक नमुन्याशी, म्हणजे गेजशी, ताडून बनवायचा. शेजारच्या भागाकडे बघायचंच नाही, फक्त गेजकडे बघायचं. १७८५ मध्ये थॉमस जेफरसन पॅरिसमध्ये अमेरिकेचे राजदूत होते. ते ब्लांच्या कार्यशाळेत गेले. ५० बंदुकांच्या चाप-घोड्याचे सुटे केलेले भाग समोर होते. जेफरसननी हाताला येतील ते भाग उचलून काही यंत्रणा स्वतः जुळवल्या, आणि त्या जुळल्या! तसं पत्रच त्यांनी मायदेशी जॉन जे यांना लिहिलं. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला एक माणूस गुडघ्यावर सुटे भाग घेऊन बसलाय, हे चित्र मला फार आवडतं.

आता तुम्ही म्हणाल, इतकी सोयीची गोष्ट सगळ्यांनी लगेच उचलली असेल. नाही. कारागिरांनी विरोध केला, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. गेज आलं म्हणजे ‘बरोबर काय’ हे ठरवण्याचा अधिकार कारागिराच्या हातातून निघाला आणि गेज ज्याच्या कपाटात आहे त्याच्याकडे गेला. हा धातूइतकाच सत्तेचा प्रश्न होता.

अमेरिकेत एली व्हिटनीनं १७९८ मध्ये १०,००० बंदुकांचं कंत्राट घेतलं. १८०१ मध्ये त्यानं पुढाऱ्यांसमोर सुटे भाग जुळवून दाखवले. शाळेच्या पुस्तकांत तो अदलाबदलीच्या भागांचा जनक झाला. विसाव्या शतकात संशोधकांनी त्याच्या शिल्लक बंदुका तपासल्या, तेव्हा त्यांचे भाग अदलाबदल होत नाहीत असं दिसलं. खरं काम झालं सरकारी शस्त्रागारांत, मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला आणि व्हर्जिनियातल्या हार्पर्स फेरीला. हार्पर्स फेरीत जॉन हॉल यांनी आपल्या रायफलीसाठी यंत्रं आणि गेजचे संच उभे केले, आणि १८२०च्या दशकाच्या अखेरीस सरकारी तपासणीत त्यांच्या रायफलींचे भाग खरोखर अदलाबदल होतात हे सिद्ध झालं. याच हार्पर्स फेरीत १८३० मध्ये कडक शिस्त लावू पाहणाऱ्या थॉमस डन या अधीक्षकाला एका कारागिरानं त्याच्या कार्यालयात गोळी घातली. ‘कामाची पद्धत बदलली’ असं आपण एका ओळीत लिहितो. त्या ओळीत माणसं असतात, बरं का.

आणखी एक गंमत सांगतो. आपल्याकडे आजीच्या पिढीपासून ज्या कंपनीचं शिलाई मशीन घराघरांत होतं, ती सिंगर. या कंपनीनं जगभर नाव कमावलं, पण १८८०च्या दशकापर्यंत तिच्या कारखान्यात भाग कानशीनं घासूनच जुळवले जात. जुळलेल्या भागांवर एकच क्रमांक ठोकायचे, म्हणजे त्यांची ताटातूट होऊ नये! तेव्हा ‘यंत्रयुग आलं आणि हस्तकौशल्य गेलं’ इतका इतिहास सरळ नाही. या सिंगरला आपण थोड्या वेळानं पुन्हा भेटणार आहोत.

सैलपणाचं तर्कशास्त्र

आता पिस्तुलाकडे येऊ. जॉन मोझेस ब्राउनिंग, जन्म १८५५, यूटामधलं ऑग्डेन गाव, बाप शस्त्रकार. त्यांनी आखलेलं आणि कोल्ट कंपनीनं बनवलेलं .४५ कॅलिबरचं पिस्तूल अमेरिकी सैन्यानं १९११च्या मार्चमध्ये स्वीकारलं. म्हणून नाव एम १९११. त्याआधीच्या चाचणीत एकाच पिस्तुलातून ६,००० गोळ्या झाडल्या गेल्या आणि ते एकदाही अडलं नाही. १९८५ मध्ये बेरेटाची निवड होईपर्यंत ते अमेरिकी सैन्याचं अधिकृत पिस्तूल होतं.

त्याची रचना थोडी समजून घ्यावी लागेल. कंटाळू नका, पुढचं सगळं यावर उभं आहे.

वरचा जो लांबट पोलादी भाग मागेपुढे सरकतो, ती स्लाइड. स्लाइडच्या आत ५ इंचांची नळी. नळीच्या पाठीवर आडव्या कडा आहेत, त्या स्लाइडच्या आतल्या खाचांत अडकतात. नळीच्या मागच्या बाजूला खाली एक छोटीशी बिजागरीसारखी कडी आहे, तिला लिंक म्हणतात. आणि पुढच्या टोकाला नळी ज्या गोल कड्यातून बाहेर डोकावते, ते बुशिंग. आपल्याकडचे मेकॅनिक त्याला सरळ ‘बुश’ म्हणतात, आपणही तेच म्हणू.

गोळी सुटली की नळी आणि स्लाइड एकमेकींत अडकलेल्या अवस्थेत जराशा मागे जातात. मग लिंक नळीचा मागचा भाग खाली ओढते, कडा खाचांतून सुटतात, स्लाइड एकटी मागे जाऊन रिकामं काडतूस बाहेर फेकते. स्प्रिंग तिला पुढे ढकलते, नवं काडतूस आत जातं, नळी पुन्हा वर उचलली जाते आणि कडा खाचांत बसतात. म्हणजे प्रत्येक गोळीला नळी आपली जागा सोडते आणि परत येते. प्रश्न एवढाच की घरी परत आली, पण त्याच खुर्चीत बसली का?

हे महत्त्वाचं का? कारण नेम धरायची खूण स्लाइडवर असते आणि गोळी जाते नळीतून. या दोघींचं नातं दर वेळी तेच राहिलं पाहिजे.

सैन्याला मात्र काय हवं होतं? कोणतीही नळी कोणत्याही पिस्तुलात बसली पाहिजे. तर्कशास्त्राचे विद्यार्थी इथे असतील तर ‘कोणतीही’ आणि ‘कोणत्याही’ हे दोन शब्द अधोरेखित करा. ही दुहेरी सार्वत्रिक अट आहे. कारखान्यात दोन नळ्या तंतोतंत सारख्या कधीच निघत नाहीत. काही फरक चालवून घ्यावा लागतो, त्यालाच टॉलरन्स म्हणतात. मग अट पाळायची तर सगळ्यांत जाड नळीसुद्धा सगळ्यांत अरुंद बुशमध्ये गेली पाहिजे. आणि ती गेली पाहिजे म्हटलं, की सरासरी नळी सरासरी बुशमध्ये सैल बसणार, हे ओघानं आलंच. हा सैलपणा कुणाच्या आळसानं आला नाही. तो ‘सर्वांसाठी’ या शब्दाची किंमत आहे. शिवाय चिखल, वाळू, काजळी, पाऊस यांना जागा हवी. हा आमच्या दाराचा आषाढ!

दुसऱ्या महायुद्धात या विचाराची कसोटी लागली. हे पिस्तूल कोल्टखेरीज कोणी बनवलं? टाइपरायटर बनवणाऱ्या रेमिंग्टन रँडनं, आणि तेही सर्वांत जास्त संख्येनं. रेल्वेचे सिग्नल बनवणाऱ्या युनियन स्विच अँड सिग्नलनं. शिकारी बंदुका बनवणाऱ्या इथाकानं. आणि ५०० नग बनवले आपल्या सिंगरनं. एके काळी जुळलेल्या भागांची ताटातूट होऊ नये म्हणून क्रमांक ठोकणारी कंपनी आता असे भाग बनवत होती, जे कुठल्याही परक्या पिस्तुलात जाऊन बसावेत. रात्री खंदकात एखाद्या सैनिकाची नळी खराब झाली, तर टाइपरायटरवाल्यांची नळी सिग्नलवाल्यांच्या पिस्तुलात बसायची. मी याला एक प्रकारची समता म्हणतो. फिटर जवळ नाही म्हणून कुणी निःशस्त्र राहणार नाही.

कागदाच्या अडीच पानांएवढा फरक

मग हेच पिस्तूल लोकांनी नेमबाजीच्या स्पर्धेला नेलं, आणि सगळं गणित उलटलं.

अमेरिकेत १९०३ पासून राष्ट्रीय नेमबाजी सामने होतात. १९०७ पासून त्यांचं मुख्य ठिकाण ओहायोत एरी सरोवराच्या काठी, कॅम्प पेरी. तिथल्या पिस्तूल स्पर्धेत एका हातानं, आधार न घेता, ५० यार्ड आणि २५ यार्डांवरून नेम धरायचा. ५० यार्डांच्या लक्ष्यावर १० गुणांचं वर्तुळ साधारण ३.३६ इंच व्यासाचं. चहाच्या बशीपेक्षाही लहान.

आता एक साधं त्रैराशिक करू. ५० यार्ड म्हणजे १,८०० इंच. नळी ५ इंच. १,८०० भागिले ५, म्हणजे ३६०. याचा अर्थ नळीचं टोक जेवढं हलेल, त्याच्या ३६० पट गोळी लक्ष्यावर सरकेल. टोकाला इंचाच्या हजाराव्या भागाचा फरक पडला, तर लक्ष्यावर इंचाच्या तृतीयांशाहून थोडा जास्त. टोकाला इंचाचे १० हजारांश म्हणजे पाव मिलिमीटर फरक पडला, तर लक्ष्यावर ३.६ इंच. म्हणजे १० गुणांच्या अख्ख्या वर्तुळाहून अधिक! झेरॉक्सच्या कागदाचं एक पान साधारण एक दशांश मिलिमीटर जाड असतं. अडीच पानांएवढी मोकळीक बुशमध्ये असेल, तर जगातला सर्वोत्तम नेमबाजही हताश होईल. त्याचा हात स्थिर आहे, डोळा स्थिर आहे, पण नळी दर वेळी वेगळ्या खुर्चीत बसते आहे.

इथे फिटर परत आला. १९३०च्या दशकात कोल्टनं निवडक नळ्या घालून आणि भाग हातानं घासून ‘नॅशनल मॅच’ नावाचं पिस्तूल काढलं. युद्धानंतर सरकारी शस्त्रकार आणि गावोगावचे खासगी शस्त्रकार, दोघांनीही सैन्यातली साधी पिस्तुलं घेऊन ती पुन्हा जुळवायला सुरुवात केली. १९५६ मध्ये जॉर्जियातल्या फोर्ट बेनिंगला सैन्याचं खास नेमबाजी पथक उभं राहिलं, त्याच्यासोबत शस्त्रकारांची कार्यशाळा आली. आणि स्पर्धेसाठी हातानं जुळवलेली पिस्तुलं आणखी कुठे तयार होऊ लागली? स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारात! ज्या संस्थेनं फिटरला कारखान्यातून हद्दपार करायला अख्खं शतक घालवलं, तिनंच त्याला मागच्या दारानं आत घेतलं.

हा फिटर करतो काय? नळीला तीन ठिकाणी आधार असतो: मागचं टोक, पाठीवरच्या कडा आणि खालचा टेकू मिळून एक जागा, आणि पुढचा बुश. सुरुवातीला जाड नळ्या बाजारात मिळत नसत. तेव्हा शस्त्रकार जुन्या नळीवर वेल्डिंगनं धातू चढवायचा आणि मग घासून कमी करायचा. नंतर मुद्दाम जादा धातू ठेवलेल्या नळ्या मिळू लागल्या. गंमत बघा, कारखाना आता मुद्दाम ‘न बसणारा’ भाग विकत होता, आणि गिऱ्हाईक त्यासाठी जास्त पैसे देत होतं.

नळीला काजळी किंवा निळा रंग लावायचा. स्लाइडमध्ये बसवायची. काढून पाहायचं. जिथे रंग खरवडला, तिथे अडतंय. तिथे कानशीचा एक हलका हात. पुन्हा रंग, पुन्हा बसवणं, पुन्हा काढणं. असं कितीतरी वेळा. आपल्याकडे आयटीआयमध्ये फिटरचा ट्रेड केलेल्या कुणालाही हे सांगावं लागणार नाही. त्यांनी निळा रंग लावून किती पृष्ठभाग घासले असतील! घाई केली की संपलं. काढलेला धातू परत चिकटत नाही.

आणि बुश? सामान्य माणसाला वाटेल, घट्ट कर म्हणजे झालं. तिथेच फसगत आहे. मघाशी सांगितलं, गोळी सुटल्यावर नळीचा मागचा भाग खाली झुकतो. म्हणजे पुढचं टोक बुशमध्ये तिरकं होतं. बुश सगळीकडून घट्ट असेल तर नळी झुकूच शकणार नाही. ती अडेल, वाकेल, किंवा पिस्तूल चालणारच नाही. म्हणून चांगला फिटर असा बुश करतो, की नळी जागेवर आली तेव्हा तिला इंचाच्या हजाराव्या भागाएवढीच मोकळीक, आणि ती मागे जाऊ लागली की ऐसपैस. कुठे घट्ट असावं आणि केव्हा सैल असावं, ही दोन्ही उत्तरं एकाच कड्यात कोरायची. घट्टपणा म्हणजे अचूकता नव्हे. नळीनं दर वेळी त्याच जागी परत येणं म्हणजे अचूकता.

फिटरशिवाय फिटिंग?

कारखान्यांना हे खटकणारच. फिटर महाग, फिटर हळू, आणि फिटर निवृत्त होतो. १९२६ मध्ये ब्रिटानिकात हेन्री फोर्ड यांच्या नावानं मोठ्या उत्पादनावर लेख आला होता. त्याचा आशयच असा की या पद्धतीत फिटरला जागा नाही.

कोल्टनं १९७० मध्ये हाच प्रयत्न केला. त्यांनी बुशला फटी पाडून त्याची स्प्रिंगसारखी बोटं केली. नळी जागेवर आली की ही बोटं तिला धरतात, आणि नळीचं टोक थोडं जाड ठेवलेलं, म्हणजे मागे जाताना पकड सुटते. कल्पना सुरेख! फिटरचा निर्णय त्यांनी स्प्रिंगमध्ये भरला होता. कोणतीही नळी घ्या, बोटं जुळवून घेतील. साध्या पिस्तुलापेक्षा नेमही सुधारला. पण ती बारीक बोटं कधी कधी तुटत आणि तुकडा अडकून पिस्तूल बंद पडे. पुढे कंपनी साध्या, अखंड बुशकडे परत गेली.

याला मी नुसतं अपयश म्हणणार नाही. आज संगणकावर चालणारी यंत्रं इतक्या बारीक फरकानं भाग काढतात, की पूर्वी जे फक्त फिटर देऊ शकत होता त्यातलं बरंचसं यंत्रातूनच येतं. फरक चालवून घेण्याची हद्द आक्रसली, की ‘सर्वांसाठी’ आणि ‘याच्यासाठी’ यांतलं अंतरही आक्रसतं. पण शून्य होत नाही. ते शून्य का होत नाही, यासाठी मला ॲरिस्टॉटलकडे जावं लागतं.

लेस्बॉसच्या गवंड्यांची पट्टी

‘निकोमाखियन एथिक्स’च्या पाचव्या भागात ॲरिस्टॉटल न्यायाची चर्चा करतो. तो म्हणतो, कायदा नेहमी सर्वसाधारण असतो. पण काही प्रसंग असे येतात की तिथे सर्वसाधारण विधान बरोबर ठरत नाही. दोष कायद्याचा नाही, कायदा करणाऱ्याचाही नाही. दोष विषयाच्या स्वभावातच आहे. अशा वेळी जो विवेक कायद्याची उणीव भरून काढतो, त्याला तो कायद्यानं ठरलेल्या न्यायाहून श्रेष्ठ मानतो. आणि दाखला देतो लेस्बॉस बेटावरच्या गवंड्यांचा. त्यांची मोजपट्टी शिशाची असे. दगड ओबडधोबड असला की पट्टी त्याच्या आकाराप्रमाणे वळायची. ताठ पट्टी दगडाला नाकारते, शिशाची पट्टी दगडाला समजून घेते.

मला वाटतं, फिटरची कानस ही शिशाची पट्टी आहे आणि गेज ही ताठ पट्टी. गेज विचारतं, ‘हा भाग नियमात बसतो का?’ फिटर विचारतो, ‘ही नळी या स्लाइडला बसते का?’ पहिला प्रश्न ‘सर्व’चा, दुसरा ‘हा’चा. तर्कशास्त्रात आम्ही शिकवतो की ‘सर्व’विषयी कितीही विधानं केली, तरी त्यातून ‘हा’ पूर्णपणे हाती लागत नाही. समोरची ही नळी सर्वसाधारण नसतेच. ती एवढीशी डावीकडे जाड आहे. तिला हात लावूनच ओळखावं लागतं.

आता सावध राहू या. या वळणावर व्याख्याते भावुक होतात आणि ‘हात थोर, यंत्र क्षुद्र’ असं म्हणून टाळ्या घेतात. मी तसं म्हणणार नाही, कारण ते खोटं आहे. हातानं जुळवलेल्या पिस्तुलाची नळी दुसऱ्या पिस्तुलात जात नाही. ते बिघडलं तर त्याच हाताची वाट पाहावी लागते.

अमेरिकेच्या मरीन कोअरनं याचा अनुभव घेतला. सैन्यानं बेरेटा घेतल्यावरही त्यांच्या खास तुकड्यांना १९११च हवं होतं. म्हणून १९८०च्या दशकाच्या मध्यापासून क्वांटिकोच्या तळावरचे शस्त्रकार जुन्या सरकारी पिस्तुलांचे सांगाडे निवडून, नव्या नळ्या हातानं बसवून, एकेक पिस्तूल तयार करत. उत्तम पिस्तुलं! पण बनवणारे हात मोजके, जुने सांगाडे झिजत चाललेले, मागणी वाढती. शेवटी २०१२ मध्ये मरीन कोअरनं कोल्टकडून तयार पिस्तुलांचा मोठा करार केला. क्वांटिकोच्या शस्त्रकारांनी चूक केली नव्हती. ‘हा’ कितीही चांगला असला, तरी एका टप्प्यावर ‘सर्व’ची गरज पडतेच.

ॲरिस्टॉटलचीच दुसरी गोष्ट आहे, पहिल्या भागातली. ज्या विषयात जेवढी अचूकता शक्य आहे तेवढीच मागावी, हे सुशिक्षित माणसाचं लक्षण. मी त्यात एक शब्द घालीन. जेवढी शक्य आहे आणि जेवढी *हवी* आहे. खंदकात सैलपणा गुण होता, कॅम्प पेरीला दोष. पिस्तूल तेच. म्हणून अचूकतेविषयी बोलताना ‘किती?’च्या आधी ‘कशासाठी?’ विचारायला हवं. आपण आज परीक्षा, भरती, अनुदान, रुग्णालयातले उपचार सगळं एकेका गेजनं मोजतो. मोजायलाच हवं, नाहीतर वशिल्याचं राज्य येईल. हार्पर्स फेरीच्या कारागिरांना जे कळलं नाही ते हे, की गेज दुबळ्याचंही रक्षण करतं. पण गेजमध्ये न बसणारं माणूस समोर आलं, तर कानस हातात घेऊन बसणारा कुणीतरी त्या कार्यालयात शिल्लक आहे का? तो नसेल, तर आपली व्यवस्था चालेल, फक्त नेम चुकत राहील.

आणि एक गोष्ट टाळून पुढे जाणं मला प्रामाणिक वाटत नाही. हे सगळं शस्त्राभोवती घडलं. अदलाबदलीचे भाग, गेज, बारीक मोजमाप यांचा बराच विकास बंदुकीसाठी झाला, कारण त्यासाठी पैसे मोजायला राज्यसंस्था तयार होती. शिलाई मशीन आणि सायकल त्याच वाटेनं नंतर आल्या. खंडेनवमीला आपल्याकडे शस्त्रं आणि अवजारं एकाच पाटावर मांडतात, त्यांना एकच फूल वाहतात. लहानपणी मला ते साधं वाटायचं. आता वाटतं, त्या पाटावर फार अवघड इतिहास मांडलेला असतो.

एक प्रश्न

(श्रोत्यांतून : आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबत २५ मीटर पिस्तुलात विश्वचषकाचं सुवर्ण जिंकल्या. त्यांच्या पिस्तुलालाही असा फिटर लागत असेल का?)

चांगला प्रश्न. २५ मीटर स्पोर्ट पिस्तूल हा प्रकार .२२ कॅलिबरचा. ती काडतुसं सौम्य असतात, म्हणून गोळीबरोबर नळीनं मागे जाण्याची आणि झुकण्याची गरज नसते. त्या पिस्तुलांत नळी सांगाड्याला पक्की बसवलेली असते. ती जागा सोडतच नाही, मग परत येण्याचा प्रश्नच नाही! म्हणजे गेज आणि कानस यांखेरीज तिसरी वाटही आहे, प्रश्नच उद्भवणार नाही अशी रचना करायची. पण ती वाट प्रत्येक ठिकाणी मोकळी नसते. .४५च्या दणक्यापुढे नळीला हलावंच लागतं. आणि जिथे हलणं अटळ आहे, तिथे परत येण्याची जागा कुणीतरी घासून तयार ठेवावी लागते.

आमच्या सुतारकाकांनी त्या दाराला पुन्हा कधी रंधा लावला नाही. दर पावसाळ्यात ते फुगायचं, दर हिवाळ्यात आपल्या जागी यायचं. त्यांनी ते चैत्रात बसवताना आषाढ मनात धरला होता, एवढंच.